सकाळची लंगडी

रंभाबाई भोयर दवाखान्याच्या पायऱ्या सरळ चढायची, पण उतरताना उलटी उतरायची. पाठ रस्त्याकडे, तोंड दाराकडे, एक हात भिंतीला. पायऱ्या चारच होत्या. ओट्यावर औषधाची वाट बघत बसलेली माणसं ते पाहून हसायची. एकदा मीही हसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं ज्या माणसांवर मी संतापणार आहे त्यांच्यातून स्वतःला वगळायचा मला अधिकार नाही.

मी तिथं कंपौंडर होतो. साल १९५५. चामोर्शीहून तीन कोसांवर, वैनगंगेकाठचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. त्या माणसांची नातवंडं अजून तिथं राहतात आणि नातवंडांनी काही केलेलं नाही.

रंभाबाई ढिवराच्या घरची. तिचा नवरा इस्तारी तलावात मासे धरायचा, नदीवर डोंगा चालवायचा. तिचं वय पस्तीसच्या आसपास, अंग काटक, बोलणं मोजकं. आमच्या धानाच्या मुलखात तेव्हा घरोघरी ढेकी असायची. एक लांब लाकडी दांडा, मध्ये आस, एका टोकाला मुसळ आणि दुसऱ्या टोकावर बाईचा पाय. पायानं दाबलं की मुसळ वर उठतं, पाय सोडला की दाणकन उखळात पडतं आणि धान सडलं जातं. घरच्या भातापुरती ढेकी बाया घटकाभर चालवत. त्यानं कुणाच्या पायाला कधी काही झाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मग १९५४च्या दिवाळीनंतर गावात हातसडीच्या तांदळाचं केंद्र निघालं. एका लांब छपराखाली बारा ढेक्या. उद्घाटनाला चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपूरहून, पाहुणे आले, हार झाले, भाषणं झाली. गिरणीच्या तांदळातलं सत्त्व कसं जातं आणि हातसडीच्या तांदळात ते कसं टिकतं, हे त्यांनी तासभर समजावलं. तांदळाबद्दल ते जे बोलले ते सगळं खरं होतं. तो सडणाऱ्या पायांबद्दल मात्र त्या दिवशी कुणी एक अक्षर काढलं नाही.

केंद्रात घटकाभराचं काम दिवसभराचं झालं. शिवाय तोल सांभाळायला हातानं धरायची लाकडी बल्ली ज्यानं बसवली त्यानं ती सगळ्या ढेक्यांना डाव्या हाताला बसवली होती, त्यामुळं प्रत्येकीचा उजवाच पाय दांड्यावर यायचा. घरी बाया पाय बदलत. इथं बदलायची सोय नव्हती. एवढी साधी गोष्ट, एका सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. पण ती बल्ली केंद्र बंद पडेपर्यंत तशीच राहिली.

वर्ष व्हायच्या आत रंभाबाईची उजवी टाच दुखायला लागली. टाचेचा तळवा नव्हे, टाचेच्या मागून पोटरीकडं जी जाड शीर चढते ती. सकाळी खाटेवरून पाय खाली टेकवला की पहिली वीस-पंचवीस पावलं तिला भिंत धरून टाकावी लागत. मग शीर जरा सैल व्हायची आणि ती चालायला लागायची. कामाच्या पहिल्या तासात दुखायचं, दुपारी जवळजवळ थांबायचं, आणि संध्याकाळी घरी बसून पुन्हा उठली की टाचेत खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या सकाळी कालच्यापेक्षा जास्त.

त्या दुखण्याचा स्वभावच तसा असतो. हालचालीनं ते तात्पुरतं दबतं आणि नंतर त्याची भरपाई करतं. हे आज मला माहीत आहे. तेव्हा केंद्राचे व्यवस्थापक गुणवंतराव यांना एवढंच दिसलं की ही बाई सकाळी लंगडत येते आणि दुपारी नीट चालते. त्यांनी तिचं नाव ठेवलं, सकाळची लंगडी. रोज सकाळी दारात उभे राहून ते विचारायचे, "आली का आपली सकाळची लंगडी?" आणि छपराखालच्या बायांनी हसावं अशी त्यांची अपेक्षा असायची. काही हसायच्याही. काम टिकवायचं होतं प्रत्येकीला.

डिसेंबरात त्यांनी तिला चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, बाईस खरोखर आजार आहे किंवा कसे, ते तपासून कळवावे.

डॉक्टरसाहेब टेबलाच्या पलीकडं बसले होते. मी औषधाच्या खिडकीशी.

"काय होतं?"

"पायाची शीर दुखते जी. टाचेच्या मागं."

"चालून दाखव."

ती चालली. घरून केंद्रात, केंद्रातून दवाखान्यात अशी कोसभर चाल होऊन शीर सैल झाली होती. ती चांगली चालली. डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठले नाहीत. पायाला हात लावायची गोष्टच दूर, ती टेबलासमोर उभी असल्यानं त्यांना तिचे पाय दिसतसुद्धा नव्हते.

"आता दुखतंय?"

"आता थोडं कमी हाये. सकाळी पाहा न जी, सकाळी टेकवत नाई."

"सकाळी पाहा, सकाळी पाहा." ते माझ्याकडं वळून हसले. "सोमाजी, लिहा. आजार आढळला नाही. कामचुकारपणा दिसतो. कामावर घेण्यास हरकत नाही."

मी लिहिलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, रजिस्टरात एकदा आणि चिठ्ठीच्या मागं एकदा. वर मिठाच्या पाण्यानं शेकायला सांगितलं, म्हणजे आपण काहीतरी केलं असं मला वाटावं म्हणून. ती चिठ्ठी घेऊन गेली, चार पायऱ्या उलटी उतरून. साहेबांनी मान जरा वळवली असती तर खिडकीतून त्यांना ते दिसलं असतं.

गुणवंतरावांनी ती चिठ्ठी बाराही ढेक्या थांबवून सगळ्यांसमोर वाचून दाखवली. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता कुणाचे पाय दुखणार आहेत, तिनं आत्ताच सांगावं."

कुणी सांगितलं नाही. त्या बायांत मंगली नावाची एक तरुण बाई होती, दोन लेकरांची आई. तिचीही टाच चार महिन्यांपासून दुखत होती. ती गप्प राहिली.

रंभाबाईनं मग गावातल्या वैदूकडून उपाय करून घेतला. त्यानं तापवलेला बिब्बा शिरेवर ओढला. कातडी उतली, फोड फुटला, जखम चिघळली. त्या जखमेची पट्टी बदलायला ती माझ्याकडं आली आणि तेव्हा, पहिल्यांदा, मी तिचा पाय हातात घेतला.

जखमेच्या भोवती बोट फिरवलं तर शिरेत एक गाठ लागली, टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर, सुपारीएवढी. तिथं हलकं दाबलं तर तिनं श्वास आत ओढला. डाव्या पायाची शीर पाहिली, ती दोरीसारखी सडसडीत. उजवीची दुप्पट जाड. आंधळ्याला कळलं असतं. कळायला फक्त हात लावायला हवा होता.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कंपौंडरनं बाटल्या भराव्यात."

मी बाटल्या भरत राहिलो. हेही खरंच आहे.

फेब्रुवारीत, भर सकाळी, केंद्रात मंगलीची शीर तुटली. रंभाबाई तिच्या शेजारच्या ढेकीवर होती. तिनं मला नंतर सांगितलं, फाटकन आवाज झाला, वाळलेली काडी मोडावी तसा. मंगली गर्रकन मागं वळली आणि म्हणाली, "कोनं मारलं वं मले?" मागं कुणीच नव्हतं. मग तिनं पाय टेकवायला पाहिला आणि खाली बसली.

चार जणी तिला उचलून दवाखान्यात घेऊन आल्या. डॉक्टरसाहेबांनी या वेळी पायाकडं लांबून पाहिलं. मंगलीला भिंत धरून, पाय ओढत, दोन-चार पावलं टाकता येत होती. त्यांना तेवढं पुरलं. "लचक आहे. आयोडिन लावा, पट्टी बांधा." तीन आठवडे मी आयोडिन लावत होतो. सूज उतरली, पण मंगलीला त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना. शिरेच्या जागी बोट ठेवलं तर आत खड्डा लागायचा.

चौथ्या आठवड्यात रंभाबाई दवाखान्यात आली. बाहेर दहा-बारा रोगी बसले होते. ती सरळ माझ्या खिडकीशी आली. तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"सोमाजीभाऊ, माह्या नावापुढं काय लेहलं होतं तुमी?"

मी हातातली बाटली खाली ठेवली.

"कामचुकार लेहलं. तुमी लेहलं, गुनवंतरावानं वाचलं, अन् ते पोट्टी आयकत होती. तिच्या पायात बी तेच होतं. बोलली असती तं तिले बी तुमी कामचुकार लेहलं असतं. म्हनून नाई बोलली. पाय तुटेपर्यंत नाई बोलली! आता तिच्या पायाले काय लेहता? लेहा न! लेहा!"

साहेब आतून ओरडले, "काय गोंधळ आहे?"

"गोंधड नाई जी," ती दाराकडं वळून म्हणाली, "तुमचं औषध पाहून राह्यली."

मी त्या दिवशी रजा टाकली. इस्तारीनं डोंग्यातून आम्हाला वैनगंगेपार नेलं, तिथून बैलबंडीनं मूल, आणि मूलहून छोट्या रुळांच्या रेल्वेनं चांदा. मंगली, रंभाबाई आणि मी. मंगलीचा नवरा लेकरांपाशी राहिला.

चांद्याच्या एका दवाखान्यात पन्नाशीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मंगलीला पालथं झोपवलं, दोन्ही पायांच्या शिरांवरून हळूहळू बोटं फिरवली आणि उजव्या पायाच्या खड्ड्यात त्यांचं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कधी झालं हे?"

"चार आठवडे झाले."

"पहिल्या आठवड्यात का नाही आणलीत?" आणि लगेच त्याच पुढं म्हणाल्या, "टोकं लांब गेली आहेत. टाके घालून पाहते. पण पहिल्यासारखा पाय होईल असं वचन देत नाही."

मग रंभाबाई वळताना लंगडली ते डॉक्टरीणबाईंच्या नजरेस आलं. न विचारता त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, जमिनीवर उकिडव्या बसून तिचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. रंभाबाई संकोचून पाय मागं ओढू लागली. डॉक्टरीणबाईंनी तो सोडला नाही. गाठ चाचपली. एका पायाच्या चवड्यावर उभी राहा म्हणाल्या. सकाळी किती पावलं दुखतं, दुपारी काय होतं, दुसऱ्या दिवशी काय होतं, असं सगळं विचारलं. इतके महिने ती बाई जे सांगत होती ते पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. रंभाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते दुखण्यामुळं नव्हतं.

"बाई, हे खोटं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही शीर दोरासारखी असते, पुष्कळ धाग्यांची. एकाच जागी रोज ताण पडला की धागे झिजतात, विस्कटतात. रात्रीत भरून येतात त्यापेक्षा दिवसात जास्त झिजतात. मग शीर अशी जाड होते, पण जाड म्हणजे मजबूत नव्हे. बिब्बा पुन्हा लावू नका, वरून जाळून आतले धागे जुळत नाहीत. टाचेखाली चामड्याचे दोन थर घाला, म्हणजे शिरेवरचा ओढा कमी होईल. दोन महिने ढेकी बंद."

"अन् मंग?"

"मंग मला ठाऊक नाही. पुस्तकात विश्रांती लिहिली आहे. माझ्याकडचे लोक विश्रांतीनं बरे होतात आणि कामाला लागले की पुन्हा दुखतं. याच्या पलीकडं मला येत नाही."

परत येताना रंभाबाई म्हणाली, "ज्याले येत नाई ते सांगते तरी. आपल्या साहेबाले सगडंच येते."

इस्तारीनं तिला जाड टाचेची चप्पल करून आणली. दोन महिने ती घरी बसली, म्हणजे केंद्रात गेली नाही. सकाळचं दुखणं निम्म्यावर आलं. मग मिरगात, घरचा सडलेला तांदूळ संपला म्हणून, तिनं घरच्या ढेकीवर पाय ठेवला आणि दुसऱ्या दिवशी टाच पुन्हा तशीच. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच झालं होतं.

पुढची गोष्ट कुणी शिकवलेली नाही. त्याच आठवड्यात तिची सासू तापानं पडली होती, ढेकीच्या भिंतीपलीकडच्या खोलीत. मुसळ दाणकन पडलं की म्हातारी दचकायची. म्हणून रंभाबाई दोन्ही पायांनी दांडा दाबून मुसळ वर घ्यायची आणि मग एकट्या उजव्या पायावर भार तोलत ते अगदी सावकाश, आवाज न करता, उखळात उतरवायची. दांडा पायाखालून वर येताना चवडा वर उचलला जायचा, टाच खाली जायची आणि ती शीर ताणली जायची, पण झटका न बसता. दुखायचं. त्यानं तांदूळ काही नीट सडला जाईना. पण चार-पाच दिवसांनी तिच्या ध्यानात आलं, सकाळची पावलं कमी झाली आहेत. पंचवीसची पंधरा.

सासूचा ताप उतरला तरी तिनं ते सोडलं नाही. उखळात धान न घालता ती सकाळ-संध्याकाळ ढेकी उतरवत बसे. शेजारणी विचारत, "रिकामी ढेकी काऊन चालवतेस वं? डोकं फिरलं का?" ती म्हणे, "धान नाई, पाय सडून राह्यली." सोपं वाटायला लागलं तेव्हा तिनं मुसळाच्या बाजूला दांड्यावर एक दगड बांधला. मग त्याहून मोठा. मी दर आठवड्याला गाठ पाहायला जायचो. ती लगेच कमी झाली नाही, पण दाबल्यावर दुखणं कमी होत गेलं. मधे एकदा घाईनं दोन दगड बांधले आणि आठ दिवस मागं गेली. तेव्हापासून घाई केली नाही. धान कापणीला येईपर्यंत ती सकाळी खाटेवरून उठून सरळ तलावावर जायला लागली होती.

या जागी मला आनंदानं लिहिता यायला हवं होतं. लिहिता येत नाही, कारण त्यानंतर काय झालं ते मी चामोर्शीच्या बाजारात स्वतःच्या कानांनी ऐकलं.

रंभाबाई माशांची टोपली घेऊन बसली होती. गुणवंतराव चार माणसांसोबत येत होते. ती टोपली उचलून भराभर चालत निघाली ते त्यांनी पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाले, "पाहा! म्हटलं नव्हतं मी? काम सुटलं अन् पाय बरा झाला. ढोंगच होतं."

चार महिने रोज दुखवत, सोसत, दगड बांधून तिनं तो पाय परत मिळवला होता. आणि त्या माणसाला ते बरं होणंच तिच्या खोटेपणाचा पुरावा वाटला. आजारी असताना खोटी, बरी झाली म्हणून खोटी. या बाईनं खरी ठरावं तरी कसं? मंगलीसारखा पाय तोडून घ्यावा?

रंभाबाई टोपली खाली ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मी ढोंग करत होती, म्हनता. अन् मंगली?"

"ती हलगर्जी पोरगी. पाय चुकीचा पडला तिचा."

"तिचा पाय तुमच्या बल्लीनं चुकीचा पडला. एकाच पायावर वर्षभर. बाराही ढेक्या तशाच हाय अजून. दुसरीकडं बल्ली ठोका म्हनून मी दोनदा सांगतली तुमाले. सांगतली का नाई?"

"हे बघ, बाजार आहे हा..."

"म्हनूनच इथी इचारून राह्यली! चिठ्ठी तुमी बारा जनींसमोर वाचली. मी अख्ख्या बाजारासमोर इचारते. सांगतली का नाई?"

गुणवंतरावांनी टोपी सारखी केली आणि पुढं गेले. लोकांनी ऐकलं. काहींनी माना हलवल्या. पुढच्या सोमवारी केंद्रात बाराही ढेक्या चालू होत्या, बल्ली डावीकडंच.

मी त्या आठवड्यात वर अर्ज केला. रजिस्टरातली नोंद माझ्या हातची आहे, ती रोग्याला न तपासता केली गेली, मंगलीच्या पायाचं निदान चुकलं, असं सगळं स्वच्छ लिहिलं. एक महिन्यापूर्वीच आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला होता. अर्ज कोणत्या कचेरीच्या कोणत्या कपाटात गेला, देव जाणे. उत्तर मात्र आलं. त्यात अर्जाचा उल्लेख नव्हता. माझी बदली एटापल्लीला केली होती.

एटापल्लीत मी दोन वर्षं होतो. जंगलात लाकूड वाहणारी माणसं तिथं यायची, टाचा धरून. मी प्रत्येकाचा पाय हातात घ्यायचो. ढेकी नसली तर पायरीच्या कडेवर उभं करून, टाच हळूहळू खाली सोडायला लावायचो. कुणाला फरक पडला, कुणाला नाही. कुणालाही मी ढोंगी लिहिलं नाही. तिथल्या साहेबांनी सांगितलं तेव्हाही नाही.

१९५९ साली सुटीवर परत गेलो तेव्हा केंद्र बंद पडलं होतं आणि गावात भात सडायची गिरणी आली होती. रंभाबाई बरी होती, डोंगाही वल्हवायची. तिच्याकडून निघालो आणि गिरणीच्या आवारावरून जाताना मंगली दिसली. कोंडा झाडत होती. टाके टिकले होते, पण शीर लांब राहून गेली होती. पाऊल टाकताना चवड्याला जोर नव्हता, पाय मागून घासत यायचा.

गिरणीचा मुनीम दारातून म्हणाला, "पाय उचल न वं! काऊन घासत चालतेस? आळशी कुठली."

मंगलीनं झाडू थांबवला नाही. मी आवारात शिरलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "राहू द्या, सोमाजीभाऊ. माह्यं काम जाईन."

मी थांबलो. मुनीमाला एवढंच म्हणालो, "इकडं या, आणि या बाईच्या पायाला हात लावून पाहा." तो हसला, म्हणाला, मी का डॉक्टर आहे? मी त्याचं मनगट धरलं आणि मंगलीकडं पाहिलं. तिनं झाडू खाली ठेवला, धान मोजायच्या पालथ्या पायलीवर बसली, लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि पाय पुढं केला.